मीठ आधी

यंदा तिन्ही पंचांगं एकमेकांच्या पायात पाय घालून आली.
माझ्या भिंतीवर पाडवा,
वर हातिमभाईंकडे ईद
(त्यांची ईद हिशेबाने येते, चंद्रासाठी थांबत नाही),
आणि तळमजल्यावर अनीसआपांचा रोजा.
चंद्र दिसला तर शेवटचा.

माझ्याकडे काहीच नाही.
शैलाला वर्ष झालं नाही अजून.
काठी माळ्यावर आहे. जरीचा खण
कुठल्या कपाटात, मला ठाऊक नाही.
सकाळी नर्मदेचं पाणी येऊन गेलं, कचरागाडी गेली,
मी चहात कालची पोळी बुडवून खाल्ली.

जिन्यात इन्सिया, झालरीचा नवा फ्रॉक,
मुठीत ईदीच्या कोऱ्या नोटा.
‘काका, आपका काठी-लोटा किधर है?’
दरवर्षी आमच्या गॅलरीत उभी राहून
ती साखरेच्या गाठी मोजायची, एक कमी करून द्यायची.
म्हटलं, इस साल नहीं.
‘क्यों? टूट गया?’

दुपारी हातिमभाई स्वतः खाली आले.
थाळ आठांचा असतो, म्हणाले, आम्ही सातच.
मी सांगायला लागलो, आमच्यात वर्षभर गोडधोड...
‘करायचं नसतं,’ ते म्हणाले,
‘शेजाऱ्यांनी खाऊ घालायचं असतं. भाभींनीच सांगितलं होतं,
माझे वालिद गेले तेव्हा
डबा घेऊन वर आल्या होत्या.’
म्हणजे नियम तिचाच.
तिच्याशी वाद घालून मी कधी जिंकलो नाही.

मग उगाच फाटकापर्यंत गेलो.
निंबाला कोवळी पालवी होती, फुलंही.
तिच्या छोट्या खलात कुटलं,
गूळ, ओवा, चिंच अंदाजाने.
गोडाला मनाई आहे. कडू करायला
कुणाची बंदी?

माणिकबागेवर ऊन उतरलं.
त्यांच्या बैठकीत सफरा अंथरलेला, तिपाईवर थाळ,
थाळावर झाकण.
अनीसआपा एकेक पायरी मोजत चढल्या,
गुडघ्याला हात, रुमालात खजूर.
एमवायमध्ये तीस वर्षं नर्स होत्या,
शैलाच्या शेवटच्या रात्री
सलाइनचा थेंब त्यांनीच लहान केला होता.

चार मिनिटं होती अजून.
सकाळपासून तीनदा जेवलेली माणसंही
झाकणाकडे बघत गप्प बसली.
इन्सियाने चिलमची धरली, लोट्याने
सगळ्यांच्या हातांवर पाणी घातलं,
माझ्या मनगटापर्यंत, बाहीवरसुद्धा.

अजान झाली. आपांनी खजूर तोंडात टाकला.
मग मुनीराने मीठ फिरवलं.
प्रत्येकाने चिमूट घ्यायची, जिभेवर ठेवायची,
त्यानंतरच जेवण.
माझा हात वाटीवर राहिला.

शैलाही पानात आधी मीठ वाढायची.
वर मधोमध, मग लिंबाची फोड, मग चटणी.
मी एकदा विचारलं होतं, मीठच का.
‘कुठून तरी सुरुवात हवी ना,’ ती म्हणाली,
‘नाहीतर डावं-उजवं कळणार कसं?’

‘काका?’
घेतली चिमूट.

झाकण निघालं. साखर-तुपाचा भात आधी,
त्यांच्याकडे सणाला तोच पहिला घास.
मी म्हटलं थांबा, आणि माझी वाटी पुढे केली.
हिरवट काळा गोळा, दिसायला औषधच.
हातिमभाईंनी डोळे मिटून गिळला.
मुनीरा पाणी प्यायली.
इन्सियाचं तोंड असं वेडंवाकडं झालं
की तिचा मामा ठसका लागेपर्यंत हसला.
आपांनी मात्र सावकाश चघळला,
चव डोक्यात कुठेतरी शोधत.
‘शैलाबाई,’ त्या म्हणाल्या, ‘गुड़ ज़्यादा डालती थीं.’

कुणी काही बोललं नाही.
मग सगळे एकदम भाताकडे वळले, डाळीकडे, पालिदूकडे,
आठ हात एका कडेने आत सरकत.
बाहेर फटाका वाजला, म्हणजे चंद्र दिसला असावा;
उठून बघायला कुणी गेलं नाही.

शेवटी थाळ पुसल्यासारखा स्वच्छ.
माझ्या बाजूला भाताचा एक दाणा राहिला होता.
इन्सियाने नुसतं बोट दाखवलं.
मी उचलला.