खारं पाणी

कंपनीचं पत्र आलंय:
ड्रमला गंज, कारण बोअरचं पाणी,
वॉरंटीत बसत नाही.
खाली सही, मुंगी चिरडल्यागत.

दत्तनगरात नळ पाचव्या दिवशी येतो,
रात्री तीनला, करंगळीएवढा.
मधले चार दिवस
धुणं काय उन्हात धुवायचं?

हजार विड्यांतल्या साठ छाटात फेकतात,
तेव्हा पानच फाटकं होतं, हे
कारखान्यात कुणी ऐकत नाही.
तिथं पान त्यांचं, चूक माझी.
इथं मशीन त्यांचं,
तरी चूक माझीच?

ग्राहक मंचात मी बाटली भरून नेली.
कारकून म्हणाला, बाई, हे काय?
पुरावा, म्हटलं.
मे महिना. पंखा बंद. त्याची नजर बाटलीवरच.
प्या की, म्हटलं,
आम्ही हेच पितो.