नऊ नंबरची खुंटी

रोवानिएमीच्या तळावर, हँगरमागच्या खोलीत,
माझ्या टेबलावर जे येतं ते
वापरायची वेळ येऊ नये अशीच सगळ्यांची इच्छा असते.
पॅराशूट, मुखवटा, रबरी सूट,
फुगायच्या नावेची घडी, शिट्टी, आरसा,
पाय आवळून धरणारे पट्टे.
आणि ती खुर्ची.
आम्ही तिला आत्याबाई म्हणतो.
घरात आहेत हे विसरायचं नाही,
आणि उगाच हात लावायचा नाही.
बसणाऱ्याच्या बुडाखाली स्फोटक असतं,
तो त्यावर बसून हवामानाबद्दल बोलतो.

ऑस्मो आला तेव्हा चोवीस वर्षांचा, दाढीवाला.
म्हटलं, दाढी जाईल. मुखवटा केसांवर बसत नाही,
आणि नऊ हजार मीटरवर प्राणवायू
केसाएवढ्या फटीतूनही पळून जातो.
सुस्कारा टाकला. दाढी गेली.
मग त्याला भिंतीला टेकवून बसवलं,
बुडापासून गुडघ्यापर्यंत टेप धरली. त्रेसष्ट.
त्रेसष्ट चालतं. सदुसष्ट भरलं असतं
तर बाहेर फेकला जाताना
गुडघे विमानातच राहिले असते.
हे त्याला सांगितलं. हसला.
चोवीसचे हसतात.
गळ्याचं रबर त्याच्या मापाने कापलं.
घट्ट होतंय, म्हणाला.
घट्टच असतं, म्हटलं.

उड्डाणाआधी खुर्चीच्या पाच पिना उपसायच्या,
खाली उतरून पाचही उंच धरायच्या.
तो काचेआडून मोजणार, ओठ हलणार,
अंगठा वर.
मग पिना आणून आपापल्या नंबरच्या खुंटीवर,
लाल फिती लोंबत.
विमान परतलं की पिना पुन्हा खुर्चीत, खुंटी रिकामी.
नव्या सांप्साला हे उलटंच वाटलं.
रिकामी म्हणजे काहीतरी हरवलंय ना?
नाही रे. रिकामी म्हणजे सगळे घरी.

जानेवारीतला गुरुवार. तीनलाच अंधार.
आठ खुंट्या रिकाम्या झाल्या.
नऊ नंबरच्या फिती कुणी दार उघडलं की हलायच्या.
सांप्साने रेडिओ बंद केला.
मी मनातल्या मनात घडी उलगडत बसले.
नोव्हेंबरात ते पॅराशूट मीच बांधलं होतं,
अकरावी दोरी दोनदा तपासली होती.
की एकदाच?
त्या दुपारी बहिणीचा फोन आला होता.
तो आधी, की नंतर?
नोंदवहीत माझी सही आहे.
सही खोटं बोलत नाही,
पण सगळं सांगतही नाही.

पाच दहाला कळलं: सापडला.
तळ्यावरच्या बर्फातून कमरेपर्यंत आत गेलेला,
शिट्टी वाजवत होता,
हेलिकॉप्टर डोक्यावर आलं तरी वाजवत होता.
मी कॉफी ओतली. गार झाली होती. प्यायले.

पाच आठवड्यांनी आला. पाठीला पट्टा,
डोक्यावर भरलेला पेला ठेवल्यासारखी चाल.
फुलं नाहीत, बाटली नाही, आधी तक्रार:
गळ्याचं रबर फार आवळतं. दोन दिवस वळ होता.
पाणी आत गेलं?
नाही.
बरं, लिहून घेते, म्हटलं,
आणि खरंच लिहून घेतलं.

नियम आहे, म्हणून पुन्हा मोजलं. उंची एक सेंटीमीटर कमी.
तळ्यात राहिला का तो, म्हणाला.
मणक्यांचं चित्र दाखवणार होते, राहू दिलं.
जुना आकडा एका रेघेने खोडला,
वाचता येईल असाच, शेजारी नवा, तारीख.

नऊ नंबरच्या पिना अजून तिथेच आहेत.
त्यांची खुर्ची चौकशीवाल्यांकडे गेली.
भांडाराची चिठ्ठी दोनदा आली: पाच पिना जमा कराव्यात.
करणार आहे.
निघताना तो दारात थबकला, मान वळत नाही
म्हणून आख्खा वळला,
फितींकडे पाहिलं. ओठ हलले.
आणि सवयीने
अंगठा वर केला.