पीळ

(बाणकोट, शके सतराशे बेचाळीस)

अर्ज लिहायला मी तुमच्याकडेच का आले
हे तुम्ही विचारलं नाहीत, गिरमाजीपंत.
मोडी लिहिणारे आणखी दोघे होते,
एक नजर गेलेला,
एक वेळासला, पायवाटेनं तोही काही लांब नव्हता.
तुम्ही बोरू दौतीत बुडवलात.
नाव?

ठकी. दुलबा तांडेलाची लेक.

बोरू तिथंच थबकला.
एक थेंब पडला, तुम्ही त्यावर वाळू टाकलीत.
कागद बदलला नाहीत. कागद महाग.

मी सांगत गेले.
बाप उरणहून मीठ घेऊन आला, चाळीस मण, परवान्यासकट.
मांडवीवरच्या वहीत चाळीसाचे शंभर झाले
आणि परवाना गहाळ.
मचवा लिलावात गेला, निम्म्या भावानं,
जकातदाराच्या मेव्हण्याला.
बाप चार महिने किल्ल्यात होता.
सुटून आला तो समुद्राकडे पाठ करून बसायचा.
दसऱ्याआधी गेला.
"लिहा," मी म्हटलं,
"शंभर कुणी लिहिले, तेही लिहा."

ओसरीवर पखालवाला सांगत होता,
वरच्या बंगल्यात काल पहाटेपर्यंत मेणबत्त्या जळत होत्या,
गोरे बायकापुरुष हात धरून गोल फिरत होते
आणि कुणी कुणाचं लागत नव्हतं!
माणसं हसली.
तुम्ही लिहीत होतात.
मला अक्षर कळत नाही, हात कापलेला कळतो.

मग रिवाजाप्रमाणे वाचून दाखवलंत:
सदरहू आकडा गिरमाजी, कारकून मांडवी बाणकोट, याणें
पांच रुपये व येक पागोटें घेऊन लिहिला.

पागोट्याचं मी सांगितलं नव्हतं.
मला ते ठाऊकच नव्हतं.

लिहिणावळ तुम्ही घेईनात.
मी दोन आणे उंबऱ्यावर ठेवले आणि निघाले.

पुढं सगळ्या खाडीला माहीत आहे.
सहा महिने तुम्ही त्याच किल्ल्यात.
तिथं कुणाच्या तरी हातचं खाल्लंत
म्हणून जातीनं पंगतीतून उठवलं.
मचवा मला परत मिळाला नाही,
त्याचं सरपण झालं होतं.
मिळाले एकवीस रुपये. मी सोडणं घेतली.

सोडणं खाडीच्या चिखलात पुरतात,
वर दगड ठेवतात, दहा महिने.
काढली की अशी घाण सुटते
की कुत्रंसुद्धा वाट बदलतं.
मग दांडक्यानं बडवायची, बडवायची,
तेव्हा कुठं आतून सोनेरी केस निघतात.
हे मी तुमच्याबद्दल बोलत नाही.
सोडणांबद्दल बोलते आहे.

मार्गशीर्षात तुम्ही आलात, डोक्याला फडकं,
आणि दांडकं मागितलंत.
पहिल्या दिवशी तळहात फुटले.
दुसऱ्या दिवशी चिंध्या बांधून आलात.
बायका म्हणाल्या, सुंभ जळेल, ठकीचा पीळ जायचा नाही.
खरंच आहे.
वर्षभर मी मजुरी मोजून दिली, शब्द दिला नाही.
एकदा तुम्ही जांभ्याच्या चिऱ्यावर कोळशानं काहीतरी काढलंत,
"हे चाळीस," म्हणालात, कुणालाच उद्देशून नाही.
मी ते पुसलं नाही.
पावसाळ्यापर्यंत होतं.

दोरी वळायला दोन माणसं लागतात.
एकानं चाक फिरवायचं,
दुसऱ्यानं काथ्या सोडत उलट्या पावलांनी मागं जायचं,
तोंडं एकमेकांकडे.
काल भागीला ताप होता.
मी कमरेला काथ्या बांधून उभी, चाक रिकामं.

"गिरमाजी," मी म्हटलं, पंत तोंडातून गळून पडलं,
"चाक धर. हळू फिरव.
मला पाठीला डोळे नाहीत,
खडक आला की सांग."

पन्नासेक पावलं गेले असेन.
"आला," म्हणालास.
मी थांबले.