तीन नंबरचा बावटा

देवगडच्या बंदर कचेरीत मी कंत्राटी ऑपरेटर.
अकरा महिने असते, एक दिवस नसते,
मग पुन्हा अकरा महिने.
संकेतस्थळ मीच चढवलं.
वर राजमुद्रा, खाली सरकते फोटो,
त्याखाली लाल अक्षरांत पळती बातमी.
साहेबांनी माऊस दाबला. टाळ्या. पेढे.

विभागाचा तक्ता आला होता:
दिव्यांगांना सुलभ आहे काय? होय / नाही.
होयवर खूण माझीच.
कोपऱ्यात लहान अ, मोठा अ टाकला होता ना.

मग एका मंगळवारी मोरेश्वर खवळे आले,
जाळी शिवणारे.
काठी कपाटाला टेकवली, फोन टेबलावर ठेवला.
पडदा काळा.
"उजेडार बॅटरी कशाक घालवू?"
आणि त्या काळ्या चौकोनातून
माझं संकेतस्थळ बोलू लागलं:

बटण. बटण. बटण.
दुवा. दुवा. प्रतिमा.
स्कॅन शून्य शून्य सतरा नवीन अंतिम दोन.
बटण.

"तुमच्या हापिसात कोणाकच नाव नाय काय गो?"

शून्य शून्य सतरा म्हणजे वाऱ्याचा इशारा.
सही, गोल शिक्का, जरा तिरका पडलेला कागद.
माझ्या डोळ्यांना तिरका, एवढंच.
त्यांचा पुतण्या त्या रात्री बाहेर होता,
चाळीस वावावर.

बावटा चढला की त्यांना कळतं.
धक्क्यावर बसलेले असले तर
खांबावर आपटणाऱ्या दोरीचा ताल बदलतो.
पण तारामुंबरीच्या घरात दोरी ऐकू येत नाही.
तिथे फक्त फोन.
आणि फोनमध्ये मी.

पुतण्या परत आला, सुरमई घेऊन.
ही काही तसली गोष्ट नाही.
ते रागावलेही नव्हते.
एवढंच म्हणाले,
"माका चित्र नको गो. वारो सांग."

संध्याकाळी कचेरी रिकामी झाल्यावर
मी माऊस उपटला,
मॉनिटरवर माझी ओढणी टाकली,
आणि टॅब दाबत निघाले स्वतःच्याच घरात.
राजमुद्रेपाशी अडकले.
सरकत्या फोटोंत शिरले ते बाहेरच येईना,
मान्यवर, मान्यवर, मान्यवर,
दीप पेटवणारे तेच सहा हात.
इशाऱ्यापर्यंत पोचायला एकेचाळीस वेळा टॅब.
पोचल्यावर: प्रतिमा.

खवळे बोटांनी जाळ्याची आस मोजतात.
एक गाठ सुटली असली तरी अंगठा थांबतो.
मी एवढी भोकं ठेवली होती
आणि वर टाळ्या घेतल्या होत्या.

आठ दिवस नावं देत बसले.
हे पुढे. हे मागे. हे बंद करा.
हा बर्फाचा दर, ही भरती, ही ओहोटी.
इशारा अक्षरांत टंकला, सगळ्यात वर:
वारा नैऋत्येचा, वेग इतका, होड्या आत घ्या.
पळती बातमी थांबवली. साहेब म्हणाले,
"जरा मेल्यासारखं दिसतं."
मी म्हटलं, ऐकून बघा.
ऐकलं नाही त्यांनी.

एक फोटो उरला, बावट्याचा.
खाली काय लिहायचं म्हणून खिडकीशी गेले
आणि चार वर्षांत पहिल्यांदा
त्या खांबाकडे नीट पाहिलं.
गंज. कावळा. ढिली दोरी.
लिहिलं: "बंदरावरचा खांब. आज बावटा नाही."
रोज सकाळी आता ती ओळ बदलावी लागते.
कोणी सांगितलेलं नाही.

परवान्याच्या अर्जाचं दार मात्र अजून बंदच.
तिथे वाकडी सात अक्षरं येतात,
तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा म्हणून.
ते मुंबईच्या कंपनीकडे आहे. दोन पत्रं गेलीत.
तोवर खवळे धक्का चढून येतात,
फोनचा काळा पडदा उजळून माझ्यासमोर धरतात:
"वाच गो, मी माणूस आसंय काय तां."

मी वाचते.
पहिल्या खेपेला माझंही चुकतं.