सेकंदाचा पंधरावा भाग

बाहेर ऊन असं, की डांबर चपलेला धरून ठेवतं.
आत शिरलो तर आधी काहीच नाही.
कूलरमधल्या कुजक्या वाळ्याचा वास
आणि डोमाजी निकुऱ्यांचा खोकला, डावीकडून.
मग एकेक दगड अंधारातून वर येतो,
बोडीतून म्हशी निघाव्यात तसा.

हे आधी तेंदूपत्त्याचं गोदाम होतं.
आता तालुक्याचं संग्रहालय आहे.
जिल्ह्याला अहवालासाठी वीस फोटो हवेत,
अट एकच : लोक दिसले पाहिजेत.
"फ्लॅश नाई मारायचा," डोमाजी म्हणतात,
"साहेबाचा कागुद हाये भितीले."
कागद आहे खरा.
उजेड नाही म्हणून वाचता येत नाही.

मी लग्नाचा माणूस.
लग्नात हॅलोजन धरायला पोऱ्या असतो,
नवरीची मावशी सुद्धा झळकून उठते.
इथे एक ट्यूब, तीही फडफडणारी.
भिंगाचं तोंड होतं तेवढं उघडलं,
आयएसओ इतका चढवला
की गालांवर ज्वारीचा कोंडा सांडला,
आणि तरी हाती आला
सेकंदाचा पंधरावा भाग.

थोडा वाटतो. थोडा नाही.
तेवढ्यात पापणी अर्धी खाली येते.
आश्रमशाळेच्या चाळीस पोरी आल्या,
चाळीस निळ्या रेघा होऊन गेल्या.
एकटी ठळक निघाली :
काचेला नाक लावून, श्वासाच्या वाफेमागे,
मास्तरांनी हाक मारेपर्यंत.

दुपारी इस्तारी कोडापे आला.
कशाकडे न बघता
सरळ तिसऱ्या पेटीपाशी.
पेटीत दगडाची बाई, कडेवर लेकरू.
"काय लिवून हाये जी?"
मी मोबाइलची बत्ती धरून वाचलं :
प्राप्ती, श्री. यादवराव डांगे यांची विहीर.
"हो. इहीर त्याईचीच. सब्बल माही होती."
मी पुढची ओळ वाचली :
नासिका भग्न, कारण अज्ञात.
"अज्ञात म्हन्जे?"
म्हणजे कुणाला माहीत नाही.

तो गप्प. ट्यूब दोनदा फडफडली.
"मले मालूम हाये," तो म्हणाला.

पहिलाच घाव. माती ओली होती,
टण्ण वाजलं तेव्हा खडक वाटला.
नाकाचा तुकडा गाळात शोधला दिवस बुडेपर्यंत,
डांगे वरून ओरडत होते, रोजी कापीन म्हणून.
तेव्हापासून येतो. उन्हाळ्यात एक डाव.
तिकीट दोन रुपये होतं तेव्हापासून.

मी पाठ खांबाला टेकवली,
कोपरं बरगड्यांत खुपसली,
श्वास अर्धा सोडून तिथंच थांबवला.
"हालू नका," म्हणायला हवं होतं.
म्हणालो नाही.
त्याचा हात वर गेला, काचेपर्यंत,
आणि मी बटण दाबलं.

दगड कणाकणानं आला.
इस्तारीचा चेहरा आला, बरा आला,
कानामागची विडीसुद्धा.
हात आला नाही. हाताचा धूर आला,
मनगटापासून बाईच्या तोंडापर्यंत.

पडदा त्याच्याकडे फिरवला.
त्यानं डोळे बारीक केले,
कॅमेरा दोन्ही हातांनी धरला, लेकरू धरावं तसा.
"नाक आलं का तिचं?"
मी म्हणालो, तुमचा हात आहे ना मध्ये,
त्यामागे असेल.
"असन," तो म्हणाला.
आणि उन्हात गेला,
दारात क्षणभर नुसताच पांढरा.

जिल्ह्यानं एकोणीस पास केले.
डोमाजी खुर्चीत झोपलेले, तो त्यांना फार आवडला,
एवढं स्थिर कुणीच बसलं नव्हतं.
विसाव्यावर शेरा : हात हाललेला आहे.
दुसरा पाठवा.