खोटं कडू

डंडीच्या प्रयोगशाळेत मला पहिलं काम मिळालं
खोटं कडू बनवायचं.

खरं आधीच तयार होतं. कारली चिरून, गोठवून,
निर्वातात वाळवून केलेली पोपटी भुकटी,
पुड्यांत तोललेली, बॅच नंबर सात.
पण चाचणीत निम्म्या लोकांना काहीच द्यायचं नसतं,
आणि त्या काहीच-नाहीनेही
तोंड तितकंच वाकडं व्हायला हवं.
नाहीतर ओळखतात. जीभ फार चोंबडी असते.

तीन आठवडे मी नुसती चाखत बसले.
मक्याचं पीठ, पालकाचा रंग, इथवर सोपं होतं.
किराईत घ्यावं तर त्याच्यावरही
साखर उतरवल्याचा आळ. मेथीचं तेच.
कडुनिंबाचं तर विचारूच नका.
आपल्याकडचं एकही कडू निर्दोष सापडेना.
शेवटी ते रसायन घेतलं, जे इथे
नखं कुरतडणाऱ्या मुलांच्या बोटांना लावतात.
मोहरीएवढं. पिंपभर पाण्याला पुरतं.

डॉक्टर फार्कर यांनी डोळे मिटून दोन्ही पेले घेतले,
मिशी पुसली, आणि खऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले,
हे बनावट.
त्या दिवशी माझी नोकरी पक्की झाली.

एक फॉर्मही होता. हितसंबंध असल्यास लिहा.
मी लिहिलं, नाहीत.
वडील साखर कारखान्यात टाइमकीपर,
बत्तीस गळीत हंगाम मळीच्या वासात काढलेले,
रोज पहाटे स्टीलच्या पेल्यातून कारल्याचा रस,
आणि गोळ्या आम्हाला न सांगता बंद.
डाव्या पायाची दोन बोटं गेली तेव्हा
डॉक्टरांना म्हणाले, रस थोडा कमी पडला असेल.
ह्याला हितसंबंध म्हणतात का,
हे विचारायला फॉर्मवर रेघ नव्हती.

एक्केचाळीस नंबरच्या इशबेल गेडिस
दर मंगळवारी टेकडी चढून यायच्या,
ताय नदीवरचा वारा टोपीत भरून.
उभा जन्म मुरंब्याच्या कारखान्यात. जानेवारीत
स्पेनहून कडू संत्र्यांच्या पेट्या उतरायच्या,
हातांच्या भेगांत रस शिरायचा.
कडूचं मला नको सांगूस पोरी, म्हणायच्या,
आणि पेला एका दमात रिकामा करून
टेबलावर आपटायच्या. इतकं घाण लागतंय
म्हणजे गुण येणारच.
मी मान हलवली नाही. हलवायची नसते.
पुडी कुठली ते मलाही माहीत नव्हतं.
पण माझी असली तर
ही दाद मला, कारल्याला नव्हे,
असं मनात आलं आणि लाज वाटली.

नोव्हेंबरात पाकीट फुटलं.
कारल्यावाल्यांची साखर थोडी उतरली होती.
खोट्या कडूवाल्यांचीही, त्याहून थोडी कमी.
मधल्या फटीत योगायोग सहज मावत होता,
आकड्यांनी तेवढंच सांगितलं.
एक्केचाळीस माझ्या यादीत निघाल्या.
टेकडीची चढण कुणी मोजली नव्हती.

मध्यरात्री घरी फोन लावला. तिकडे पहाट.
वडिलांनी विचारलं, काय म्हणतंय तुमचं कारलं?
म्हटलं, आणखी मोठी चाचणी लागेल.
हसले. अगदी सरकारी बोललीस.
म्हणजे आमचं चालू ठेवू?
ठेवा, म्हटलं, पण गोळ्यांच्या जोडीला.
जोडीला, बाबा. जागी नाही.
हो हो, म्हणाले,
आणि फोन चालूच ठेवून ओट्यावर विसरले.
पेल्याचा आवाज आला.
मग घोट. मग खाकरणं.
मी अंधारात फोन कानाशी दाबून उभी,
गोळीच्या पाकिटाची चुरचुर
येतेय का ऐकत.