आठ पदरी

कागलच्या लग्नाची ऑर्डर, साठ ग्लास,
चहाचेच, लक्ष्मीपुरीतून डझनावर आणलेले.
मेण वितळलं, ओतलं, निवलं,
आणि वातीपाशी खड्डा पडला.
"आकसतंय," हे दारातून म्हणाले,
"आमचं बीड पण आकसायचं.
थोडं राखून ठेवायचं असतंय, मागनं भरायला."
एकतीस वर्षं उद्यमनगरात ओतकाम केलेला माणूस
पहिल्यांदाच माझ्या ओट्यापाशी काही शिकवायला आला.

पंखा बंद. खिडकी लावलेली.
फरशीवर पाच ग्लास, लांब लांब,
प्रत्येकाखाली चिठ्ठी:
चार पदर, सहा, आठ, दहा, बारा.
वाती पाव इंचावर कापल्या, नखं कापावीत तशा,
आणि एकाच काडीनं पाचही पेटवायला गेले
तर बोट भाजलं.

चार पदरीनं स्वतःभोवती विहीर खणली
आणि तिच्यातच बुडाली.
कडेचं मेण पांढरं, कोरडं,
त्याला काही कळलंच नाही.
(माझी एक नणंद अशी होती. असो.)
बारा पदरी भडकली. डोक्यावर काजळीची आळंबी,
ग्लासला हात लागेना.
दहाचीही ज्योत नाचरी, एका जागी ठरेना.
सहाचं तळं काठापासून बोटभर अलीकडेच थांबलं.
आठचं मात्र दोन तासांत कडेला टेकलं,
गाजावाजा न करता.

मी म्हटलं, झालं, आठ.
हे म्हणाले, "एका हीटवर कोण पास करतंय?"
मग मोगऱ्याचं तेल घालून पुन्हा पाच.
तेल जड. तीच आठ पदरी
आता गुदमरली, पेंगली.
अत्तर घातलं की वात बदलते,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

रात्री दीडला पाणी प्यायला उठले
तर हे फरशीवर मांडी घालून,
कारखान्यातली जुनी वही उघडून,
'हीट नंबर' खोडून वर 'ग्लास' लिहिलेलं.
रात्रपाळी सुटून सहा वर्षं झाली,
डोळ्यांना अजून कळवलेलं नाही.

मग ट्रंकेतून निळी काच काढली,
भट्टीत डोकवायची, कडेला टवका गेलेली,
आणि ज्योतीपुढं धरली.
काहीच दिसेना.
मला दिली. मीही बघितलं.
नुसता निळा अंधार,
मध्ये मोहरीएवढं काहीतरी, असलं तर.

"एवढ्यासाठी जागतोय व्हय," म्हणाले,
आणि हसले, खोकला येईपर्यंत.

काच बाजूला ठेवली.
दहा पदरी मोगऱ्याचं तळं
काठापासून दोन सूत लांब.
मी त्यांच्या शेजारी बसले.
वही माझ्याकडं सरकवून म्हणाले,
"तू लिही. माझं अक्षर तुला लागत नाही."